पोट्ट्यांना आधी सांगा, मग फोन लावा

या वेळचं पत्र नागपूरच्या गणेशपेठेतल्या एका ताईंचं आहे. नाव काढून, थोडं कापून देते.

"ताई, माझा बसस्टँडजवळ तर्री-पोह्याचा ठेला आहे, पहाटे साडेचारला लागते. पावसाळ्यापासून तीन पोट्टे माझ्याकडे येऊन राहिले. एक पोट्टी आहे १५-१६ ची, तिचा लहान भाऊ दहाचा असेल, आणि एक मोठा पोट्टा. तो मला सतरा सांगते अन पोलिसाला एकोणीस सांगते. तिघंही मागच्या शेडमध्ये झोपतात. मोठा पंक्चरचं सोल्युशन ओढते. पोट्टी म्हणे एक काका गाडीवर येतात, बिर्याणी आणतात, तिला मोबाईलपण घेऊन दिला, आता रात्री फिरायला चल म्हणून राहिले. परवा तिनं मला पाळीचं काहीतरी विचारलं तर मी लाजली, गिऱ्हाईक आहे म्हणून टाळलं. लेकरांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला, फोन करावा म्हटलं तर मोठा म्हणते बालगृहात टाकलं तर पळून जाऊ, तुमचं तोंड नाही पाहू. मिस्टर म्हणतात भानगडीत पडू नको. माझा पोरगा म्हणते रील टाकू, कोणी तरी मदत करेल. माझं तर डोकंच चालत नाही. काय करू?"

ताई, आधी त्या काकाचं बोलू. बाकी सगळं चार दिवस मागे-पुढे झालं तरी चालते, हे नाही चालत.

बिर्याणी, मग मोबाईल, मग रात्री फिरायला चल, हा क्रम मी इतक्या वेळा ऐकलाय की पत्रात मोबाईल आला तिथंच माझ्या पोटात गोळा आला. असा माणूस पहिल्या दिवशी हात लावत नाही. तो आधी उपाशी लेकराला खाऊ घालतो, कौतुक करतो, लहान भावासाठी पण काहीतरी आणतो, म्हणजे हळूहळू तिला वाटायला लागते की एवढ्या मोठ्या नागपुरात हा एकटाच आपला, आणि मग ज्या दिवशी तो काही मागतो त्या दिवशी तिला नाही म्हणता येत नाही कारण त्याचं इतकं खाल्लेलं असते. यात तिची काहीच चूक नाही. "तुला अक्कल नाही का गं" असं चुकूनही बोलू नका, एकदा का तुम्ही रागावलात की ती त्याच्याबद्दल तुम्हाला सांगणं बंद करेल आणि मग त्याला रान मोकळं.

आता कायदा काय म्हणतो ते सांगते. लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, त्यात अठराच्या आतलं कोणीही, मुलगी असो की मुलगा, लेकरूच धरलं जाते आणि "ती स्वतःहून आली होती" हे ऐकून घेतलं जात नाही. गुन्हा झालाय हे माहीत असेल तर, आणि होईल अशी धास्ती वाटत असेल तरीही, पोलिसांना कळवणं हे त्या कायद्याच्या कलम १९ नं प्रत्येकाचं काम आहे, फक्त आईबापाचं किंवा डॉक्टरचं नाही. झालेला गुन्हा माहीत असून दाबला तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मिस्टरांना हे दाखवा आणि त्याच कलमातलं पुढचंही दाखवा, की चांगल्या मनानं कळवणाऱ्यावर त्या कळवण्यावरून कोणती केस होत नाही, दिवाणी नाही की फौजदारी नाही. साक्षीला कधी बोलावतील का, तर बोलावूही शकतात, खोटं नाही सांगत. पण पुरावे गोळा करणं तुमच्याकडे नाही. गाडीचा नंबर सहज दिसला तर लिहून ठेवा, कोणत्या दिवशी किती वाजता आला ते लिहून ठेवा, बस. त्याच्या मागे जाऊ नका, त्याच्याशी भांडू नका, तुमचा ठेला पहाटेच्या अंधारात लागतो हे तोही पाहून असेल.

म्हणजे फोन करायचाच आहे. १०९८ करा, पोलिसांचा ११२ केला तरी चालते, आता दोन्ही एकमेकांना जोडलेले आहेत. पण फोनच्या आधी, त्याच दिवशी, पोट्टीला समोर बसवून सांगा की मी फोन करणार आहे आणि का करणार आहे. हेच मला या सगळ्या उत्तरात सांगायचं आहे, बाकी माहिती कुठूनही मिळेल.

मी हे पुस्तकातून नाही सांगून राहिले. मी एका सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक होते, तेव्हा फलाटावर राहणारा चौदा वर्षांचा एक मुलगा हाताला मोठी जखम घेऊन वॉर्डात आला होता. तिसऱ्या दिवशी रात्री त्यानं मला काही सांगितलं आणि विचारलं, मॅडम कोणाला सांगणार नाही नं? मी म्हटलं नाही सांगणार. तेव्हा मला तेच बरोबर वाटलं, त्याचा हात माझ्या हातात होता. सकाळी मला ते कळवावंच लागलं, आणि त्याला न सांगता कळवलं. वर्दीतली माणसं वॉर्डात आलेली त्यानं पाहिली आणि दुपारी पलंग रिकामा होता, सलाईनची सुई पण काढून टाकलेली नव्हती, तशीच हातात घेऊन गेला. नंतर मी स्टेशनच्या दोन्ही बाजूंना, टेकडी गणपतीपासून पार संत्रा मार्केटपर्यंत, कितीदा शोधला, नाही भेटला. कळवलं ते बरोबरच होतं. आदल्या रात्री जे वचन दिलं ते चुकीचं होतं.

म्हणून तिला असं काही म्हणा, तुमच्याच भाषेत: "तू मला काहीही सांगू शकते. पण कोणी तुला त्रास देऊन राहिला असंल तर ते मला एकटीला पोटात ठेवता येत नाही. जे करीन ते आधी तुला सांगून करीन आणि तुझ्यासोबत राहीन." एवढंच. ती चिडेल, मोबाईल लपवेल, एखादा दिवस येणार नाही. येईल पण परत. या पोट्ट्यांना खोटं बोलणारी माणसं रोज भेटतात, खरं सांगणारं माणूस त्यांना बरोबर ओळखू येते.

आणि पुढं काय होते हेही त्यांना माहीत असलं पाहिजे, कारण पोट्टे बालगृहाला जितके घाबरतात त्याच्या दुप्पट "आपल्याला कुठं नेतील कोण जाणे" याला घाबरतात. २०१५ चा बाल न्याय कायदा आहे, त्याप्रमाणे रस्त्यावर राहणारं, घर नसलेलं लेकरू हे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक आहे, आरोपी नाही. भीक मागतानाचं लेकरूसुद्धा त्याच व्याख्येत बसते. त्याला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर न्यावं लागते, प्रवासाचा वेळ सोडून. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात किमान एक बाई असतेच. पोलीस, हेल्पलाइनवाले, नर्स, डॉक्टर, तुमच्यासारखी कोणीही बाई लेकराला तिथं नेऊ शकते, आणि हे फार कमी लोकांना माहीत आहे की लेकरू स्वतःच्या पायानं पण तिथं जाऊ शकते. समितीनं त्याचं म्हणणं ऐकलंच पाहिजे. संस्थेत टाकणं हा शेवटचा उपाय आहे असं त्या कायद्याच्या तत्त्वांमध्येच लिहिलंय. सामाजिक चौकशीचा अहवाल पंधरा दिवसांत आणि शेवटचा आदेश पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांच्या आत व्हावा अशी मुदत आहे.

घरी परत पाठवतील का, हा यांचा दुसरा मोठा प्रश्न. तर घरी मारहाण होत असेल, दारू असेल, त्याहून वाईट काही असेल, तर ते समितीला सांगायलाच पाहिजे, घर सुरक्षित आहे का हे बघूनच पाठवायचं असते. पोरं हे सांगत नाहीत, बापाची अब्रू जाईल म्हणून गप्प राहतात, आणि मग तपासणारा माणूस म्हणतो घर तर ठीक दिसते. तुम्हाला तिनं काही सांगितलं असेल तर तिला विचारून तुम्ही समितीसमोर मांडा.

भाऊ-बहिणीचं मात्र तुम्हाला कटू खरं सांगते. मुलांचं बालगृह वेगळं, मुलींचं वेगळं, त्यामुळं ते दोघं दोन इमारतींत जाऊ शकतात. हे लपवू नका. तिला आधीच सांगा आणि समितीसमोर जायच्या वेळी तिच्याकडून एका कागदावर लिहून घ्या की भावाला दर आठवड्याला भेटायचं आहे, एखादं नातेवाईक सांभाळायला तयार असेल तर त्याचा विचार करा. आजी, मावशी, कोणी असते कधी कधी. मिशन वात्सल्य या सरकारी योजनेत असं नातेवाइकाकडे किंवा पालक कुटुंबात राहणाऱ्या लेकरासाठी महिन्याला चार हजार रुपये मदतीची सोय आहे, म्हणजे मावशी गरीब आहे म्हणून नाही म्हणत असेल तर ते एक कारण कमी होते.

जर त्या माणसानं आधीच काही केलं असेल, म्हणजे तिनं तसं सांगितलं, तर मग थांबायचं नाही. दवाखान्यात न्या, मेयो हा सरकारी दवाखाना तुमच्या जवळ आहे. एफआयआर आणा मग बघू असं कोणी म्हणूच शकत नाही, सरकारी असो की प्रायव्हेट, उपचार लगेच आणि फुकट द्यावे लागतात. मुलीची तपासणी बाई डॉक्टरनंच करायची आणि तिच्या भरवशाचं माणूस तिथं हजर पाहिजे, ते माणूस तुम्ही होऊ शकता. ७२ तासांच्या आत पोचलात तर एचआयव्ही होऊ नये म्हणून २८ दिवसांच्या गोळ्या सुरू करता येतात आणि गर्भ राहू नये म्हणूनची गोळी देता येते, दोन्हींमध्ये जितकं लवकर तितकं चांगलं. कपडे धुवू नका, कागदात गुंडाळून न्या, पण धुतले असतील, अंघोळ झाली असेल, चार दिवस उलटले असतील तरी न्याच, आता काय उपयोग असं म्हणून घरी बसू नका. जबाब तिच्या सोयीच्या जागी घ्यायचा असतो, होईल तोवर महिला अधिकाऱ्यानं आणि साध्या कपड्यात, आणि कोणत्याही कारणानं लेकराला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. कोणी तसं करून राहिलं तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० नंबर आहे, बायकांना आणि लेकरांना वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो.

आता मोठा. तुमच्या पत्रात तो खलनायकासारखा आलाय पण मला त्याचीच जास्त काळजी लागून राहिली. बाकी दोघांकडे लोक बघतात, त्याच्याकडे कोणी बघत नाही, आणि सतराचा पोट्टा म्हणजे काही महिन्यांत लेकरांच्या कायद्याच्या बाहेर.

त्याला हे नीट समजावून सांगा. कायद्यात एक सोय आहे, त्याला अनुरक्षण म्हणतात. बालगृहात असलेला मुलगा अठरा पूर्ण करून बाहेर पडला की त्याला २१ वर्षांपर्यंत राहायला, शिकायला, काम शिकायला मदत मिळू शकते, पैशाची पण. पण ती संस्थेतून बाहेर पडणाऱ्यालाच आहे. जो अठराव्या वाढदिवसापर्यंत शेडमध्येच झोपला त्याला ते दार नाही. म्हणजे आज जे तो टाळून राहिलाय त्यातूनच पुढच्या तीन वर्षांची वाट जाते. पोलिसाला एकोणीस सांगतो तेव्हा तो सुटतो असं त्याला वाटते, खरं तर तो स्वतःच्याच हातानं सगळं सोडून देतो. अठराच्या आतल्याला काही झालं तरी लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, एकोणीसवाल्याला ठेवता येते. जन्माचा दाखला, शाळेचा दाखला काहीच नसलं तर शेवटी हाडांची तपासणी करून वय ठरवतात, म्हणून गावच्या शाळेत तो कधी गेला असेल तर त्या शाळेचं नाव एकदा विचारून लिहून ठेवा, सोन्यासारखा कागद निघू शकतो.

पोलिसांची त्याची भीती हवेतली नाही हे पण मी समजते. मुंबई भीक प्रतिबंध कायदा १९५९ चा, आपल्याकडे अजून आहे, आणि मार्च २०२३ मध्ये सी-२० चे, म्हणजे जी-२० मधल्या सामाजिक संस्थांच्या गटाचे, पाहुणे यायचे होते तेव्हा नागपुरात चौकाचौकात भीक मागण्यावर कलम १४४ लावून बंदी आणली होती. त्या दिवसांत ही पोरं कुठं गेली असतील हे मला अजून कळलं नाही. पण भीती आहे म्हणूनच हक्क माहीत पाहिजे.

सोल्युशनचं. हे वाचून ठेवा आणि आजूबाजूच्या ठेलेवाल्यांना पण सांगा. त्यात टोल्युइनसारखे द्रव असतात, ओढलं की डोकं हलकं होते, भूक मरते, थंडी कळत नाही. उपाशी पोराला दहा-वीस रुपयांत दुसरं काय मिळते. म्हणून ओढायच्या आधी पोटात अन्न गेलं तर ओढणं थोडं का होईना कमी होते, तुम्ही सकाळी देता ती पोह्याची प्लेट हे औषधच आहे, चालू ठेवा. पण ओढलेलं असताना त्याच्या मागे धावू नका, अंगावर ओरडू नका, हातातलं फडकं हिसकू नका. त्या वेळी हृदय फार नाजूक असते, अचानक घाबरलं किंवा पळालं तर ठोके बिघडून पोरगं जागच्या जागी जाऊ शकते, पहिल्यांदा ओढणारं सुद्धा. शांतपणे मोकळ्या हवेत बसवा. बेशुद्ध पडला तर एका कुशीवर वळवा, तोंडात पाणी-दूध काही टाकू नका, १०८ ला फोन लावा. आणि ताई, ते पेट घेते. तुमच्या भट्टीजवळ त्याला फडकं घेऊन बसू देऊ नका, आणि आता थंडी आहे, शेडमध्ये शेकोटी करतच असतील, तर सोल्युशन आणि शेकोटी एका ठिकाणी नको हे तिघांनाही बजावून सांगा. बंद शेडमध्ये शेकोटी पेटती ठेवून झोपायचं पण नाही, धुरानं झोपेतच जीव जातो, जुनं ब्लँकेट, गोणपाट, खाली पुठ्ठा हे बरं. सोडायची त्याची स्वतःची इच्छा झाली की १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, फुकट आहे. इच्छा एका दिवसात होत नाही, आणि सुटल्यावर परत लागते, तेव्हा "पुन्हा सुरू केलंस नं" म्हणून ताटातून उठवू नका.

मुलांवर पण अत्याचार होतो हे त्याच्याशी बोलताना डोक्यात असू द्या. पोट्टे हे मरेपर्यंत सांगत नाहीत. तुम्हाला हे बोलायला अवघड जाईल तर मिस्टरांना बोलायला लावा, एवढंच म्हणायचं की तुझ्यासोबत पण कोणी काही केलं असंल तर दवाखाना आणि कायदा तुझ्यासाठी पण तेवढाच आहे. एचआयव्हीची तपासणी, सल्ला आणि निरोध सरकारी मेडिकल कॉलेजात आणि मेयोत फुकट मिळते, नाव फुटत नाही, १०९७ वर फोन करून विचारता पण येते.

आपल्या नागपुरातच विजय बारसे सर आहेत, हिस्लॉप कॉलेजात खेळाचे शिक्षक होते, २००१ मध्ये त्यांनी झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल खेळायला लावलं आणि त्यातून स्लम सॉकर उभं राहिलं, इथली पोरं पुढं बेघरांच्या वर्ल्ड कपला जाऊन आली. मला त्यातलं आवडते ते हे की पोरांना सुधारा असं कोणी म्हटलं नाही, बॉल दिला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तुमचा मोठा मैदानावर जाईल की नाही मला सांगता येत नाही, पण विचारून बघा, सोल्युशनची जागा घ्यायला काहीतरी लागतेच.

लहान्याचं सोपं आहे त्यामानानं. दहाचा आहे म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, सहा ते चौदामध्ये बसतो. वयाचा दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, वर्षाच्या मधात गेला तरी नाकारू शकत नाही, आणि कधी शाळेत गेला नसला तरी त्याला वयाप्रमाणेच्या वर्गात घेऊन वेगळं शिकवून बरोबरीला आणायचं असते. जवळच्या मनपाच्या शाळेत हेडमास्तरांना भेटा. पोट्टीलाही पुढं ओपन स्कूलमधून दहावी करता येईल, पण तिला आधी झोपायला दाराची कडी असलेली जागा मिळू द्या, मग पुस्तक.

लहान्याला कुत्रं चावलं, ओरखडलं, तरी हळद-तिखट काही लावायचं नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखान्यात, आणि सुया पूर्ण घ्यायच्या, एक घेतली दोन सोडल्या असं नको. तारखा तुमच्या कॅलेंडरवर लिहा, त्यांच्याकडे भिंत नाही. भंगार वेचताना पत्रा लागला तर धनुर्वाताचं इंजेक्शन. दोन आठवड्यांच्या वर खोकला कोणालाही असला तर थुंकीची तपासणी, टीबीचं सगळं औषध सरकारीत फुकट आहे. उन्हाळा आला की पुन्हा लिहा, नागपूरच्या मे महिन्यात ४५ डिग्रीला पत्र्याच्या शेडखाली दुपार काढणं हा वेगळाच विषय आहे.

तोपर्यंत रात्रीचं. आज फोन केला आणि आजच सगळं होईल असं नाही, मधल्या दोन रात्री असू शकतात. झोपायचं तर उजेडात, वर्दळीच्या बाजूला, तिघांनी जवळ, लहान्याला मधात. तिनं एकटीनं संडासला जायचं नाही, मोठा बाहेर उभा राहील. मोबाईल त्या माणसानं दिलेला आहे, त्यात त्याचे मेसेज असतील, तो फोडू किंवा फेकू नका, पोलिसांना तसाच द्यायचा आहे. १०९८ आणि ११२ तिघांकडून पाठ करून घ्या, रोज पोहे द्यायच्या आधी म्हणवून घ्या, म्हणजे मोबाईल नसला तरी कोणाच्याही फोनवरून लावता येईल. आणि तुमच्यात एक शब्द ठरवा, "ताई आज तर्री कमी द्या" असं काहीतरी, तो शब्द आला की समजायचं तो माणूस जवळपास आहे, प्रश्न नाही विचारायचे, तिला ठेल्याच्या आतल्या बाजूला घ्यायचं आणि फोन लावायचा.

मनपाचे बेघर निवारे आहेत शहरात, लाखभर वस्तीमागे शंभर जणांची सोय असा नियम आहे. मोठ्याला अठरा झाल्यावर तिथं जाता येईल, पण एकट्या पोट्टीला आज अनोळखी मोठ्या माणसांच्या निवाऱ्यात पाठवू नका, तिची जागा समितीमार्फतच ठरू द्या. आणि अठरा झाल्यावर त्याला मतदार यादीत नाव पण टाकता येते बरं का, घर नसलं तरी. तो झोपतो ती जागा पत्ता म्हणून लिहायची आणि बूथचा अधिकारी रात्री येऊन बघतो की हा खरंच इथं झोपतो का, मग पत्त्याचा वेगळा कागद मागत नाहीत. शेडचा पत्ता का होईना, सरकारच्या कागदावर त्याचं नाव येईल, मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आधारचं बालगृहात गेल्यावर अधीक्षकाच्या पत्रावर होते.

रील नाही म्हणजे नाही. पोरगा चांगल्या मनानं म्हणतो पण अशा लेकरांचं नाव, चेहरा, शाळा, पत्ता, ओळख पटेल असं काहीच लोकांसमोर आणायला कायद्यानं मनाई आहे, शिक्षा आहे. आणि कायदा बाजूला ठेवा, त्या रीलमध्ये शेड दिसेल, बसस्टँड दिसेल, म्हणजे त्या एका काकाच्या जागी दहा काका येतील. पोराला सांगा, मदत करायची असेल तर पहाटे ठेला लावायला ये, दोन माणसं दिसली की तो गाडीवाला जवळ थांबणार नाही.

आता पाळीचं. तुम्ही पत्रात हे एका ओळीत लिहून पुढं गेलात, पण मला त्या ओळीवरच सगळं उभं आहे असं वाटते. बसस्टँडवर शेकडो बाया येतात-जातात, तिनं तुम्हाला विचारलं. घरून निघताना तिची आई तिच्याजवळ होती का नाही कोण जाणे, असली तरी हे बोलली असेल असं नाही, आणि रस्त्यावर तिला जे माहीत झालं ते मोठ्या पोरांकडून, अर्धवट, घाण शब्दांत. तुम्ही लाजलात यात काही वाईट नाही, आपल्या आयांनीही आपल्याला कुठं नीट सांगितलं. पण आता तुमची पाळी आहे सांगायची.

गिऱ्हाईक नसताना, साडेअकरा-बाराला भांडी घासताना तिला जवळ बसवा, हात कामात असले की बोलणं सोपं जाते. सांगा की दर महिन्याला येते, चार-पाच दिवस राहते, घाण नसते, पोटात दुखते ते बहुतेक सगळ्यांचंच. पॅड चार-सहा तासांनी बदलायचं, कपडा असला तर साबणानं धुवून उन्हात वाळवायचा, लपवून ओला ठेवला की खाज येते, जखमा होतात. ठेल्यावर एका डब्यात तिच्यासाठी दोन पॅकेट आणि एक चड्डी ठेवा, तिनं मागायची वेळ येऊ देऊ नका, डबा कुठं आहे ते फक्त दाखवा. मग हळूच विचारा, शेवटची कधी आली होती. नीट लक्ष देऊन ऐका, कारण तिचा प्रश्न कदाचित "पाळी का येते" हा नसेल, "पाळी आली नाही" हा असेल. तसं निघालं तर घाबरून किंचाळू नका, मेडिकल स्टोअरमधून कोणतीही गोळी आणून देऊ नका, त्याच दिवशी डागा या बायकांच्या सरकारी दवाखान्यात नाहीतर मेयोत न्या, सोबत तुम्ही जा. डॉक्टर पोलिसांना कळवतील, त्यांना कळवावंच लागते, हे तिला दाराच्या बाहेरच सांगा.

आणि तिनं नुसतंच पाळी का येते विचारलेलं असलं तर तेही सांगा. परवाचा प्रश्न आहे तिचा, उद्या देऊन टाका उत्तर.